दोन दात, मध्ये फट

वडगाव रासाईत पिठाच्या गिरण्या दोन आणि दातांची गिरणी एक. या तिसरीला गिरणी म्हणायचं कारण एवढंच, की तिथंही दिवसभर घरघर चालते, तिथंही पांढरी भुकटी असते, आणि तिथली मालकीणसुद्धा संध्याकाळी भुवया पांढऱ्या करूनच बाहेर पडते. दारावर ‘अनुपमा डेंटल लॅब’ अशी चांगली रंगवलेली पाटी आहे, पण पाट्या वाचतो कोण? नव्या माणसानं लॅब कुठं म्हणून विचारलं तर लोक त्याच्याच तोंडाकडं बघत बसतात. गिरणी विचारली की थेट दारापर्यंत पोचवून येतात.

मालकीण अनुपमा शेलार, वय छत्तीस. बाई मनानं लोण्याची, पण वाकडं म्हणून काही तिला सहन होत नाही. दुसऱ्याच्या घरी गेली तरी भिंतीवरचा कलंडलेला फोटो सरळ करणार आणि मगच खाली बसणार. हळदीकुंकवाला गेली की आधी दारातल्या रांगोळीचा चुकलेला ठिपका दिसणार. पंगतीत पत्रावळ्या ओळीत नसल्या तर हिचा हात शिवशिवतो. सासूबाई म्हणतात, आमच्या सुनेच्या ताब्यात आभाळ दिलं असतं तर तिनं चांदण्या ओळीनं लावल्या असत्या.

ही खोड लागली पाबळला. तिथल्या तंत्रशाळेत ती वर्षभर होती. वेल्डिंग शिकली, लेथ शिकली, आणि व्हर्निअर नावाचं मापाचं हत्यार हातात आलं तेव्हापासून तिचं जग मिलिमीटरच्या दहाव्या भागावर चालायला लागलं. पुढं पुण्यात दात करायचा डिप्लोमा केला, एका लॅबमध्ये पाच वर्षं मेण कोरलं. लग्न होऊन भीमेकाठी आली ती हट्टानं एक जुनं मशीन बरोबर घेऊनच. नवरा माऊली कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. जाता-येता दौंडच्या दवाखान्यात तयार दातांच्या डब्या पोचवायचं काम त्याच्याकडं. आपण नक्की काय वाहतो हे त्याला पहिले सहा महिने नीट ठाऊक नव्हतं. एकदा वाटेत डबी उघडून बघितली आणि बिचाऱ्यानं गाडी बाजूला घेऊन पाणी प्यायलं.

आता काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. दौंडला डॉक्टर विश्वजीत आहेत. पूर्वी ते दातांचं माप गुलाबी लगद्यात घ्यायचे. आता पेनाएवढा कॅमेरा तोंडात फिरवतात, की इकडं अनुपमाच्या संगणकावर अख्खा जबडा येऊन उभा राहतो. तो गोल फिरवा, खालून बघा, आतून बघा. सॉफ्टवेअरमध्ये दातांचे शे-दोनशे नमुने तयार असतात, सगळे देखणे, कुठल्या देशातल्या तोंडातले देव जाणे. त्यातला एक उचलायचा, जागेवर ठेवायचा, ओढून-दाबून बसवायचा. मग झिरकोनियाची चकती मशीनला लावायची. ही चकती दिसायला जाड भाकरीसारखी आणि हाताला खडूसारखी. मशीन त्यातून दात कोरून काढतं, पण मुद्दाम मोठा. कारण भट्टीत आठ-नऊ तास दीड हजार डिग्रीला भाजला की तो पाचव्या हिश्श्यानं आकसतो आणि असा टणक होतो, की खडूचा दगड झाला म्हणा. शेवटी हातानं रंग द्यायचा, चकाकी द्यायची. एवढ्या सगळ्यात वीज गेली की मेलं काम. म्हणून गावातल्या शेतकऱ्यांना नसेल इतकं लाईटचं वेळापत्रक अनुपमाला पाठ.

अकरा वर्षांत तिनं दोन तालुक्यांतल्या हजारो माणसांचे दात केले, पण त्यातलं एकही माणूस डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. जबडा यायचा, दात जायचा. आणि हिची खोड अशी, की डॉक्टरांनी एक दात सांगितला तरी तो आधीच्यापेक्षा देखणाच करायची. कुणाचा तिरका असेल तर नवा सरळ. कुणाचा आखूड असेल तर शेजाऱ्याच्या बरोबरीनं. न मागता सुधारणा, फुकटात. तक्रार कोण करणार? आरशात बघून माणसं खूश व्हायची.

ऐन नवरात्रात डॉक्टरांकडून एक काम आलं. नाव रखमाजी हंडाळ, वय अडुसष्ट, धंदा मेंढपाळ. वरचे पुढचे दोन दात एडक्याच्या ढुशीनं अर्धे तुटलेले. मुळं साफ करून खुंट तयार केले होते, त्यांवर टोप्या हव्या होत्या. अनुपमानं जबडा उघडला. बाकीचे दात असे भक्कम, की ऊस सोलून खाणारा माणूस दिसतच होता. फक्त दोन खुंटांमध्ये अंतर जरा जास्त होतं. दात शाबूत असताना तिथं काय होतं हे कळायला मार्ग नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिनं विचारही केला नाही. दोन्ही दात थोडे थोडे रुंद घेतले, मधली जागा बेमालूम बुजवली. रंग तर असा साधला, की तंबाखूची फिकट झाकसुद्धा शेजारच्या दाताला मिळतीजुळती. डबी बंद करताना तिनं माऊलीला दाखवलं. माऊली म्हणाला, म्हातारा आता पुन्हा बोहल्यावर चढतोय बघ.

डॉक्टर विश्वजीत मोठे सावध. पुढचे दात ते आधी कच्च्या सिमेंटनं बसवतात, पंधरा दिवस वापरून बघा म्हणतात, मग पक्के करतात. ही त्यांची सवय पुढं सगळ्यांच्या कामाला आली.

आठव्या दिवशी सकाळी गिरणीच्या दारात मेंढरं उभी. एक नाही, दोन नाही, दीडेकशे. वाट अडली, मोटरसायकली थांबल्या, कुणाच्या तरी ओट्यावरची मेथी गेली. कळपाच्या मागून एक उंच, काटक म्हातारा आला. तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्यानं दारातूनच विचारलं, दात करणारी बाई तुम्हीच का? अनुपमानं आधी त्याच्या तोंडाकडं बघितलं. चेहरा तिला अनोळखी होता, दात मात्र लगेच ओळखले. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं काम माणसावर बसलेलं ती बघत होती. तिला काय आनंद झाला म्हणता. या आबा, बसा, पाणी घ्या, चहा ठेवते.

रखमाजी बसला, पाणी प्याला, आणि मग त्यानं सांगितलं. दातांत खोट काढायला जागा नव्हती. भामाबाई, म्हणजे त्याची कारभारीण, तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं बघून लाजली होती. भाकरी चावते, ऊस तुटतो. पण शीळ गेली होती.

अनुपमाला काही कळेना. तेव्हा म्हातारा म्हणाला, “पोरी, माझ्या दोन दातांमंदी फट हुती. माझ्या बापालाबी हुती. जीभ तितं टेकवून शीळ घालायची, कोसभर जायाची. त्या शिळंवर मेंढरं वळत्यात, थांबत्यात, पान्यावर येत्यात. तू फट बुजवलीस. आता नुसती हवा निघती.”

आणि ती किती मोठी अडचण होती हे त्यानं पुढं सांगितलं. भाऊबीज झाली की तिसऱ्या दिवशी वाडा, म्हणजे कळपासकट सगळं बिऱ्हाड, हलायचा. कळप घेऊन घाट उतरून कोकणाकडं जायचं, ते थेट उन्हाळा सरताना परत यायचं. अठ्ठावन्न वर्षांत त्याची एकही खेप चुकली नव्हती. पण गेल्या आठवड्यात दोनदा मेंढरं दुसऱ्याच्या मक्यात शिरली. बंड्या नावाचा कुत्रा धन्याच्या तोंडाकडं बघत नुसताच उभा राहिला. धाकटा मुलगा ज्ञानू बोलला, आबा, कुत्रं ऐकंना, मेंढरं ऐकंनात, यंदा तुम्ही घरीच बसा. पोरगं वाईट नव्हतं, काळजीनंच बोललं. पण घरी बसायचं नाव काढताच म्हातारा मेंढरं घेऊन थेट गिरणीची वाट विचारत निघाला होता.

ज्ञानूनं उपायही केला होता. बाजारातून प्लॅस्टिकची शिट्टी आणली. पहिल्याच दिवशी शाळेशेजारच्या रानात ती फुंकली, तर मेंढरं जागची हलली नाहीत, शाळेतली पोरं मात्र वर्गातून पळत येऊन ओळीनं उभी राहिली. गुरुजी अजून रागात होते.

खरं तर अनुपमाला आधी रागच आला. अकरा वर्षं झाली, देखणा दात केला म्हणून कुणी बोल लावला नव्हता. फट म्हणजे दोष, असं तिला शिकवलेलं. शिकवणाऱ्यांना तरी काय माहीत, दोषातून दीडशे मेंढरं चालतात. ती तोंडातल्या तोंडात पुटपुटत उठली, चहाचं आधण ठेवलं, आणि आधण उकळेपर्यंत तिचा राग गेला. उरली ती शरम. न विचारता दुसऱ्याच्या घरातला फोटो सरळ करावा आणि मागचा खिळाच निघावा, तसं झालं होतं. तिनं म्हाताऱ्याला शब्द दिला, भाऊबीजेच्या आत तुमची शीळ परत करीन. शब्द देऊन झाल्यावर तिला कळलं, की ती फट किती होती हे कुणालाच माहीत नाही.

डॉक्टरांना फोन गेला. त्यांनाही मनाला लागलं, कारण त्यांच्याकडं दात तुटूनच आले होते आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. रविवारी ते स्वतः गाडी घेऊन वडगावला आले, कच्चं सिमेंट सोडवून टोप्या काढल्या. अनुपमानं प्लॅस्टिकचे तात्पुरते दात कोरायचे, रखमाजीनं ते हातानं खुंटांवर बसवून शीळ घालून बघायची, असं ठरलं. प्लॅस्टिक बरं, भट्टी लागत नाही, अर्ध्या तासात जोडी तयार. डॉक्टरांनी एकच ताकीद दिली, आबा, शीळ बाहेर गेली पाहिजे, दात आत नाही.

मग गिरणीत आठवडाभर जे चाललं ते गावानं फुकटात ऐकलं. अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवली, तर नुसतं फूस. एक मिलिमीटर ठेवली, तर आवाज आला, पण शेजारच्या साखरबाईंनी पळत जाऊन गॅस बंद केला, त्यांना वाटलं कुकर झाला. दीड मिलिमीटरला खरी शीळ निघाली. गावातली झाडून सगळी कुत्री गिरणीच्या दारात हजर झाली. बंड्या तेवढा समोरच्या लिंबाखाली पडून राहिला, एक कान हलवला आणि पुन्हा झोपला. अनुपमानं आशेनं म्हाताऱ्याकडं बघितलं. रखमाजीनं दात काढून तळहातावर घेतले, बघितले आणि परत दिले.

“शीळ हाय,” तो म्हणाला, “पर माझी न्हाई. कुणा दुसऱ्याची हाय.”

फोटो शोधून झाले. आधार कार्डावर तोंड मिटलेलं. लग्नातल्या फोटोत नवरदेव असा गंभीर, की कुणी म्हणेल कोर्टात उभा आहे. त्या काळी फोटोत हसणं म्हणजे थिल्लरपणा. नुसत्या रुंदीवर भागणार नाही हे आता अनुपमाच्याही ध्यानात आलं होतं. फटीच्या कडा आतून कशा वळल्यात, जीभ कुठं टेकते, हवा कशी सुटते, हे सगळं त्या शिळेत होतं. व्हर्निअर हातात घेऊन ती नुसती बसून राही. दिवाळीचा फराळ सासूबाईंनी एकटीनं केला, आणि करंज्या वाकड्या झाल्या तरी सून काही बोलली नाही. तेव्हा घरातल्यांना खरी काळजी वाटली.

पाडव्याच्या आधी दोन दिवस, सकाळी लाईट आल्यावर तिनं संगणक लावला. डॉक्टरांकडून नवं काम आलं होतं. नाव सोनम, गाव पाटस, वय एकतीस. पुढच्या दोन दातांमधली फट बंद करायची, त्यासाठी दातांवर चिकटवायचे पातळ पापुद्रे हवेत. घाई नाही. फट हा शब्द वाचून अनुपमाचं टाळकं फिरलं. जगातल्या सगळ्या फटी आता माझ्याच दारात येणार का, असं म्हणत तिनं जबडा उघडला.

उघडला आणि खुर्ची पुढं ओढली. फट होती, दोन मिलिमीटरला थोडी कमी. कडा आतून गोलसर वळलेल्या, दोन्ही दातांच्या पाठी मध्ये किंचित खोलगट. पण तिची नजर भलतीकडंच अडकली. डाव्या बाजूचा सुळा जरा मान वळवून उभा होता. हा सुळा तिनं कुठंतरी बघितला होता. माणसाचा चेहरा ती विसरेल, दाताची मान विसरायची नाही. तिनं रखमाजीची फाईल काढली. दोन्ही जबडे शेजारी ठेवले, मग एकावर एक ठेवले. लहान-मोठेपणा सोडला तर दाढा दाढांवर बसल्या, सुळा सुळ्यावर बसला. फक्त पुढं एका जबड्यात दोन खुंट होते, आणि दुसऱ्यात ते दोन दात, मध्ये फट.

तिनं डॉक्टरांना फोन लावला आणि नमस्कार न करताच विचारलं, ही सोनम रखमाजींची कोण? डॉक्टर हसायला लागले. अहो, लेक त्यांची. बापाची फट गेलेली बघितली आणि माझ्या मागं लागली, माझीपण घालवा म्हणून. दोघांची फट एकच असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्याचे दात विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत, एवढं शहाणपण आता अनुपमाला आलं होतं. तिनं सोनमला फोन केला आणि सगळी हकिगत सांगितली. मग सोनमनं विचारलं, म्हंजी मी घालवायला निघालेली फट तुम्ही माझ्या बापाला लावणार व्हय? आणि जी हसत सुटली ती थांबेना. हसू ओसरल्यावर तिनं मनातलं सांगितलं. शाळेत पोरं तिला खिडकी म्हणायची. तेव्हापासून ती तोंडावर पदर धरूनच हसायची, लग्नाच्या फोटोतही ओठ मिटलेले. बापाला दात देखणे झाले याचा आनंद झाला होता, आणि आपण एकटीच खिडकीवाली राहिलो याचं वाईटही वाटलं होतं. शीळ गेली हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. घ्या ताई, म्हणाली, माझे दात घ्या, त्याच्याकडूनच आल्यात.

अनुपमानं ते दोन दात उचलले, थोडे मोठे केले आणि रखमाजीच्या खुंटांवर ठेवले. नेमके बसले. मग तिची परीक्षा सुरू झाली. सोनमचा उजवा दात डाव्यापेक्षा केसभर लांब होता. फटीची एक कड सरळ, दुसरी जरा कलती. अनुपमाचा हात माऊसवर गेला. एवढंसं ओढलं की बरोबरी झाली असती. तिनं हात मागं घेतला, उठून अंगणात एक फेरी मारली, परत येऊन बसली. हात पुन्हा गेला. शेवटी तिनं तो हात मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हातानं मशीनला हुकूम दिला. असं म्हणतात, मी काही बघायला नव्हतो. पण माऊलीनं शपथेवर सांगितलंय.

दुपारी प्लॅस्टिकची जोडी घेऊन ती आणि माऊली नदीकडं गेले. बाजरी काढलेल्या रानात मेंढरं पांगली होती. ज्ञानू बांधावर, म्हातारा झाडाखाली. आता त्याचीही उमेद सरत आली होती, हे त्याच्या बसण्यावरून दिसत होतं. त्यानं दात बसवले, जिभेनं चाचपले, आणि त्याचे डोळे एकदम बारीक झाले. तो उठून उभा राहिला. जीभ टेकवली.

ती शीळ अनुपमा जन्मात विसरायची नाही. आधी बारीक, मग वर चढत गेली, नदीपर्यंत गेली आणि पलीकडच्या काठावरून परत आली. बांधाआड झोपलेला बंड्या उठला नाही, उडाला. कान ताठ करून एक क्षण उभा राहिला आणि थेट धन्याच्या पायाशी येऊन पडला, कुईकुई करत, शेपटी आपटत, जसा काही धनी आठवडाभर परगावी जाऊन आत्ता आला. मागोमाग म्होरकी मेंढी वळली, आणि मग सगळं रानच वळलं. दीडशे मेंढरं खाली माना घालून म्हाताऱ्याकडं धावत निघाली. अनुपमा आणि माऊली मधोमध सापडले. माऊलीची चप्पल गेली. अनुपमा लोकरीत कमरेएवढी बुडून उभी होती, हसत होती आणि रडतही होती, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

ज्ञानू बांधावरून उतरला, प्लॅस्टिकची शिट्टी गळ्यातून काढली आणि खिशात टाकली. संध्याकाळी त्यानं बापाची कोकणात न्यायची घोंगडी झटकून बिऱ्हाड वाहणाऱ्या घोड्याच्या सामानात ठेवली, एवढं सगळ्यांनी पाहिलं.

पक्के दात करायचे राहिले होते. आता ते झिरकोनियात कोरून काढले, भट्टीत ठेवले, आणि दोन तासांत गावाची विजेची डीपी जळाली. ऐन दिवाळीत वायरमन कुठला मिळणार? माऊलीनं डोकं चालवलं. मंडपवाल्याकडं जनरेटर होता, लग्नसराई अजून लांब होती. त्यानं तो ट्रॅक्टरला लावून आणला, आणि अनुपमानं नवीन जोडी कोरून पुन्हा भट्टीला लावली. अख्खा गाव दिव्याविना, आणि गिरणीत रखमाजीचे दात भाजतायत. लोक पणत्या घेऊन बघायला आले. दात भट्टीतून आकसून निघाले, नेमके जसे हवेत तसे. तंबाखूची झाक अनुपमानं पुन्हा दिली, पण या खेपेला म्हाताऱ्याला विचारून. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी ते बसवले, आणि पक्कं सिमेंट लावायच्या आधी दवाखान्यातच शीळ घालायला लावली. बाहेर वाट बघत बसलेला एक पेशंट उठून निघून गेला म्हणतात.

त्या आठवड्यापासून अनुपमाच्या कामाच्या कागदावर एक नवा रकाना आला. दाताचा नंबर, रंग, तारीख, आणि खाली, ‘या दातांनी तुम्ही काय करता?’ डॉक्टर आधी हसले, मग मुकाट्यानं विचारायला लागले. उत्तरं अशी येतात, की वाचत बसावं. कुणी शिंपीण दातानं दोरा तोडते, तिला कड धारेची हवी. कुणी सनई वाजवतो. एका आजोबांनी लिहिलं, नातीला भीती घालायला दात विचकतो, जरा मोठे करा. अनुपमानं मोठे करून दिले.

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी हंडाळांचा वाडा हलला. घोड्यांवर बिऱ्हाड, घोड्यांवरच कोंबड्या, मागं कळप. पुलाजवळ गाव निरोपाला उभं होतं, अनुपमाही होती. सोनम भाऊबीजेला आलेली होती, कडेवर वर्षाचं पोर. पूल ओलांडून गेल्यावर रखमाजी वळला आणि त्यानं शीळ घातली. मेंढरं पुढं सरकली. म्हातारा मात्र तिथंच थांबला, लेकीकडं बघत.

सोनमनं कडेवरचं पोर अनुपमाकडं दिलं. पदर तोंडावरून बाजूला केला, जीभ टेकवली, आणि बापाच्याच शिळेनं बापाला उत्तर दिलं. लहानपणी तिला येत होती, पोरीच्या जातीनं शीळ घालू नये म्हणून आईनं बंद केली होती. वीस वर्षांनी निघाली ती तश्शीच. पुलापलीकडची मेंढरं थबकली, निम्मी माघारी वळली, बंड्या कुणाचं ऐकावं म्हणून मध्येच गरगर फिरायला लागला. ज्ञानूनं कपाळाला हात लावला. रखमाजी तिकडून एवढा मोकळा हसला, की त्याचे दात या काठावरून दिसले.

गोंधळ निस्तरून कळप वळणाआड गेला तेव्हा सोनम अजून हसत होती, तोंड उघडं टाकून. पोर परत घेताना तिनं सांगितलं, “ताई, माझं ते पापुद्र्याचं काम रद्द करा. फाईल पुसून टाकली तरी चालंल.”

अनुपमानं पोराच्या तोंडात डोकावून बघितलं. वरचे दोन दात नुकतेच आले होते, एकमेकांपासून लांब लांब.

“काम रद्द केलं,” ती म्हणाली, “पर फाईल न्हाई पुसायची. ह्याला कवा एडका ढुशी मारंल, सांगता येतंय का?”